गोकुळाबाईचा बर्फ

चिंचबोडीच्या गोकुळाबाईनं एवढंच ठरवलं होतं, की नातीच्या, दिव्यानीच्या, अंगात जाणारं औषध आधी आपल्या डोळ्यांनी पाहायचं. यात कोणाचं काय बिघडत होतं? बाजारातली मिरची ती दातानं तोडून बघितल्याशिवाय घेत नाही. मुलगा भूपेशसाठी मुलगी पाहायला गेली तेव्हा रीताला तिनं आधी सूपभर तांदूळ पाखडायला लावले होते. मग सरकार दिव्यानीच्या मांडीत जे काही घालतं, ते न पाहता घालू द्यायचं म्हणजे कमालच झाली.

तिच्या मते सगळा घोळ शिळेपणाचा होता. दिव्यानी दीड महिन्याची असताना पहिली लस टोचली. त्याच संध्याकाळी पोरगी तापली, मांडीवर लिंबाएवढी गाठ आली आणि दीड दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. आता गोकुळाबाईचं आयुष्य गेलं मासोळी विकण्यात. मासोळी खाऊन माणूस पडला, तर मासोळी शिळी होती, याला दुसरा अर्थच नाही. तेव्हा औषध घेऊन पोर तापली म्हणजे औषध शिळं होतं. डॉक्टर लोकांना हे सुचत नाही, कारण त्यांच्या घरची मासोळी दुसरंच कोणी निवडून आणतं.

दुसऱ्या लसीची तारीख आली आणि गेली. रीतानं दोनदा विषय काढला. भूपेश ऊर्जानगरला ठेकेदाराकडे कामाला, आठवड्यातून एकदा मोटरसायकलवर येणारा. त्यानं फोनवर काढला. गोकुळाबाईचा नवरा खुशाल दिवसातून जेमतेम चार वाक्यं बोलतो आणि त्यांतली तीन जाळ्याशी बोलतो, त्यानं काढला नाही. शेजारची वच्छला मात्र रोज काढत असे. तिच्या मोबाइलवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात कुठल्याशा देशातला एक गोरा माणूस कुठल्याशा भाषेत रागावून बोलत होता आणि वच्छलाला त्यातलं सगळं समजलं होतं. लस सोडून हळदीचा लेप लावावा, एरंडाचं पान बांधावं, गळ्यात बिब्बा घालावा, असे उपाय ती सांगायची. तिचीही सात महिन्यांची नात घरात होती आणि तिलाही पहिलीच्या पुढे काही टोचलं नव्हतं. गोकुळाबाई ऐकून घ्यायची. वच्छलाचा एकही सल्ला तिनं आयुष्यात मानलेला नव्हता. पण कोणी सल्ला द्यायचा थांबला तरी तिला चैन पडत नसे.

शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी, लसीच्या दिवशी, ती अंगणवाडीत गेली. नातीला रीताच्या कडेवर देऊन मागं उभं केलं आणि टेबलासमोर पदर खोचून म्हणाली, “सिस्टर बाई, आधी औषध दाखवा. पोट्टी मंग दाखवीन.”

उर्वशी सिस्टर म्हणजे उपकेंद्राची नर्स. तिच्याकडे नऊ गावं. लोक तिच्याशी भांडतात, तिला पाहून पोरं घेऊन रानात जातात, क्वचित चहाही देतात. पण औषध दाखवा म्हणणारं तिला आजवर कोणी भेटलं नव्हतं. तिनं बाटली हातात दिली नाही, दोन बोटांत धरून दाखवली. बाटलीवर एक छोटा गोल होता आणि गोलाच्या आत चौकोन.

“हा आतला चौकोन गोलापेक्षा फिका हाये ना मावशी? म्हणजे माल चांगला. औषधाले गरमी लागली का हा चौकोन काळा पडत जाते. गोलाएवढा काळा झाला का फेकाचं. मंग कलेक्टर जरी म्हणाला का टोच, तरी नाई टोचत.”

गोकुळाबाई वाकली, आणखी वाकली, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. चाळीस वर्षं ती मासोळीचा कल्ला उचलून लाल आहे की पांढरा पडला ते बघत आली. त्यातही फसवणारे आहेत. कल्ल्याला रंग लावणारा एक बहाद्दर तिनं स्वतः भर बाजारात पकडला होता. आणि ही करंगळीएवढी बाटली आपला कल्ला अंगाबाहेर घेऊन फिरते. खोटं बोलायची सोयच नाही. कोणाच्या तरी डोक्यात हे आलं असणार, आणि ज्याच्या डोक्यात आलं त्याला चिंचबोडीची दिव्यानी ठाऊकही नसणार, या विचारानं तिला अंगणवाडीच्या त्या पत्र्याखाली देवळात उभं असल्यासारखं वाटलं.

तरी तिनं त्या दिवशी टोचू दिलं नाही. मग पोर तापली कशानं, हे तिनं विचारलं. सिस्टरनं सांगितलं, की औषध शरीराला रोगाशी लढायची तालीम देतं, तालमीत अंग तापतंच, त्यात शिळंताजं काही नाही. आणि तारीख चुकली असली तरी पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही, पुढून चालू करता येतं, पण आणखी उशीर करू नका. गोकुळाबाईनं मान हलवली. पहिल्याच फेरीत सौदा पक्का करणारं गिऱ्हाईक तिच्या लेखी मूर्ख होतं. पुढल्या महिन्यात बघू, असं म्हणून ती घरी आली.

त्या महिन्यात गावात गोल आणि चौकोन यांशिवाय दुसरा विषय राहिला नाही. विहिरीवर, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर, तेंदूची पानं तोडायला जाताना रानाच्या वाटेवर ती बायांना गाठून समजावू लागली. औषधाचा वैरी कोण, तर गरमी. तिसरी नापास बाई एवढं बोलते म्हटल्यावर बाया ऐकायच्या. अर्धं समजलेला माणूस पूर्ण समजलेल्यापेक्षा जास्त जोरात बोलतो, त्यामुळे पटायचंही लवकर.

मे महिन्याचा दुसरा गुरुवार उजाडला. चंद्रपूरकडचं ऊन कसं असतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. नऊ वाजता लसीचा निळा डबा मोटरसायकलला बांधून पोचू आला. हा पोचू आरोग्य केंद्रातून गावोगाव डबे पोचवतो. अंगणवाडीला कुलूप होतं. सेविका गोंडपिपरीला मीटिंगला गेली होती, चावी तिच्या दिराकडे होती आणि दीर तेंदूच्या फळीवर, जिथे पानांचे पुडे मोजून देतात, तिथे रांगेत होता. पोचूनं डबा समोरच्या, म्हणजे गोकुळाबाईच्या, ओसरीत ठेवला, याला हात लावू नका असं सांगितलं आणि चावी आणायला गेला.

गोकुळाबाईच्या ओसरीत येऊन गोकुळाबाईला हात लावू नको सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. तरी तिनं रागावर ताबा ठेवला. ऊन सरकत डब्याजवळ आलं, म्हणून फक्त डबा उचलून आत नेला. आणि उचलताना डब्यातून आवाज आला. पाण्याचा. गुळ्ळ.

तिनं झाकण उघडलं. आत चारी बाजूंना चार चपट्या प्लास्टिकच्या बर्फाच्या पट्ट्या आणि मध्ये पिशवीत औषधं. एक पट्टी कानाशी हलवली. पाणी. दुसरी, तिसरी, चौथी, सगळीकडे पाणी. बर्फ म्हणून पाणी गळ्यात मारणारे ती चांगले ओळखून होती. कोण्या चोरानं त्या गरीब सिस्टरला फसवलं होतं आणि गोल-चौकोन बिचारे त्या उन्हात काळे पडायच्या वाटेवर होते.

पुढचं काम तिनं दोन मिनिटांत उरकलं. घरात मासोळीचा थर्माकोलचा डबा होता, त्यात कालचा फोडलेला बर्फ. चारी पट्ट्या बाहेर काढून तिनं निळा डबा बर्फानं गच्च भरला आणि वरून दोन मुठी खडे मीठ टाकलं. मीठ टाकल्यानं बर्फ चावरा, म्हणजे आणखी थंड, होतो, ही तिच्या सासूनं मरताना सांगितलेली विद्या. रीतालाही तिनं ती अजून दिली नव्हती. त्या दिवशीसुद्धा मीठ टाकताना पाठ फिरवून टाकलं.

रीता हळूच म्हणाली, की त्यानं हात लावू नका म्हटलं होतं.

“ओसरीत लावू नका म्हटलं त्यानं. म्या अंदर आणून लावला.”

चावी यायला दीड तास लागला. तोवर अंगणवाडीपुढे चौदा बाया पोरं घेऊन जमल्या होत्या. पहाटे रानात जाऊन, त्या दिवसाचं पान अर्ध्यावर टाकून आलेल्या. त्यांतल्या निम्म्या तर गोकुळाबाईनंच पटवून आणलेल्या. सिस्टर आली, हात धुतले, डबा उघडला आणि तशीच उभी राहिली. मग तिनं एक बाटली काढून उजेडात धरली. आतलं औषध दगड झालं होतं.

हा बर्फ कोणी टाकला, असं तिनं विचारलं. गोकुळाबाई आभार स्वीकारायला उभी राहिली. शेजारी राहतो तर एवढं करावंच लागतं, असंही म्हणाली.

सिस्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. ती खुर्चीवर बसली आणि दमलेल्या आवाजात सांगू लागली. त्या पट्ट्यांतला बर्फ वितळला नव्हता, वितळवला होता. सकाळी त्या मुद्दाम बाहेर ठेवतात. हलवल्यावर पाणी वाजलं की मगच डब्यात घालतात. कारण हे औषध गरमीला जेवढं भितं तेवढंच गोठायला भितं. एकदा गोठलं की मेलं.

“अन् चौकोन?” गोकुळाबाईनं विचारलं.

“चौकोन फक्त गरमी सांगते मावशी. थंडीची खबर त्याले नाई.”

पोलिओच्या थेंबांना थंडीचं काही वाटत नाही, पण इंजेक्शन कोणालाच देता येणार नव्हतं. सिस्टरनं सगळाच डबा परत न्यायचं ठरवलं. चौदा बाया उठल्या. बघायला आलेली वच्छला जाता जाता म्हणाली, “बाईनं मासोळीसंगं लसीलेही मीठ लावलं.” आणि सगळ्या हसल्या. गोकुळाबाईला लोक घाबरतात, चिडतात, चारचौघींत नावं ठेवतात. पण हसत नाहीत. ती घरात गेली, पायांत चपला घातल्या आणि पोचूच्या मोटरसायकलवर मागं बसून निळा डबा मांडीवर घेतला. गोठलं म्हणजे मेलं, हे तिला स्वतः पाहायचं होतं. कोणाच्या सांगण्यावरून ती अपराधी होणार नव्हती.

आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर. तिथे औषधांचा सांभाळ करणारा राजदीप नावाचा सडपातळ माणूस होता. वाया गेलेल्या बाटल्यांचा फॉर्म त्याला भरायचा होता. मागोमाग आलेल्या सिस्टरनं दयेनं लिहायला सांगितलं, की अज्ञात व्यक्तीने डब्यात बर्फ टाकला. राजदीपनं ते मोठ्यानं वाचलं आणि गोकुळाबाई खवळली.

“अज्ञात कोण? वीस गावचा बाजार ओळखते मले. माझं नाव टाक.”

फॉर्ममध्ये नावाचा रकानाच नाही, असं राजदीप म्हणाला. मग रकाना पाड, असं ती म्हणाली. तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, व्यक्ती ज्ञात असेल तर जबाब जोडावा लागेल. जबाबाला आधार कार्डाची झेरॉक्स लागेल. झेरॉक्सवाल्याकडे वीज नव्हती. वीज आली तेव्हा झेरॉक्सवाला जेवायला गेला होता. सिस्टरनं तीनदा हात जोडले, की मावशी, अज्ञात राहा, त्यात तुमचंच भलं आहे. पण ज्या बाईनं आयुष्यात एक मासोळी खोट्या नावानं विकली नाही, ती आपली चूक बेनामी कशी सोडेल? भर दुपारी दीड तास ती झेरॉक्सच्या दुकानापुढे उभी राहिली. मग जबाबाखाली एकेक अक्षर दाबत तिनं सही केली. ‘ळ’ जरा बाहेर गेला, पण गेला तो ऐटीत गेला.

कागद पुरा झाल्यावर राजदीपलाही तिच्याविषयी काहीतरी वाटलं असावं. तो तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. त्यानं तिची गोठून आता वितळलेली बाटली आणि फ्रिजमधली एक चांगली बाटली एका हातात धरली, दोन्ही सारख्या हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या. दोन्ही दुधासारख्या पांढऱ्या दिसत होत्या. गोकुळाबाईला वाटलं, जिंकलं. थोडा वेळ गेला. मग एका बाटलीत दूध फाटावं तसे बारीक कण खाली बसू लागले, वर निवळ पाणी राहिलं. दुसरी तशीच, पांढरी, एकजीव.

तिनं विचारलं, यात औषध कशाकशाचं होतं. राजदीप पाठ असल्यासारखा म्हणून गेला: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ, मेंदूज्वर.

“खोकला? तो डांग्या?”

“तोच.”

गोकुळाबाई स्टुलावर बसली. भूपेशच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. तो खोकला ती सतरा दिवस खोकली होती. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. गोकुळाबाईनं ती फाटलेली बाटली हातात घेतली. ज्याच्यापुढे वैद्य, बुवा, नवस, सगळे हरले होते, त्याला अडवणारं पाणी ते हे. एवढंसं. आणि आपण त्यावर मीठ टाकलं.

तिचा चेहरा बघून राजदीप घाबरला असावा, कारण तो भरभर बोलू लागला. त्यानं वही दाखवली. फ्रिजचं तापमान रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. पोळ्याच्या दिवशी, दिवाळीला, रविवारी, त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा दोन आकडे होते. संध्याकाळचा जरा घाईत लिहिलेला. हे औषध विमानानं येतं, मग मोठ्या गाडीनं नागपूरला, तिथून चंद्रपूरला, तिथून इथे. वाटेत दर ठिकाणी कोणीतरी एक माणूस वही घेऊन बसलेला, ना तापू देत, ना गोठू देत. गोकुळाबाईनं मनात तेवढी माणसं ओळीनं बसवून पाहिली. ओळ संपेना. एवढी सगळी माणसं हातोहात एक वस्तू चिंचबोडीपर्यंत आणतात आणि फुकट टोचून जातात. तिला माहीत असलेल्या जगात असं काही होत नव्हतं. मासोळी बोडीतून बाजारात नेईपर्यंत चार ठिकाणी कोणीतरी हात मारतंच.

पुढच्या गुरुवारी जादा दिवस ठरला. बायांना परत बोलवायचं काम गोकुळाबाईनं अंगावर घेतलं. माफी मागणं तिला जमत नाही, म्हणून ती दारोदार जाऊन रागावली. चूक माझी होती, पण पोरं तुमची आहेत, असा त्या रागावण्याचा मतलब होता. वच्छलानं दारातच अट घातली, की आधी तुझ्या दिव्यानीला टोच, मग बघू. आणि गोकुळाबाई अडकली. कारण आता औषध चांगलं आहे की नाही हा प्रश्न उरला नव्हता. औषध चांगलंच होतं. आणि चांगलं औषधसुद्धा तापवतं, असं सिस्टर म्हणत होती. म्हणजे आपल्या हातानं पोरीला तापात ढकलायचं होतं, डोळे उघडे ठेवून.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर खुशाल बोलला. जाळ्याशी नाही, तिच्याशी. “आपल्या वेळेस हे असतं तर,” एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

गुरुवारी दिव्यानी पहिली. पोचू डबा घेऊन थेट अंगणवाडीत उतरला आणि सिस्टर येईपर्यंत डब्यावर हात ठेवून बसून राहिला. गोकुळाबाईनं ते पाहिलं आणि गिळलं. तिनं बाटलीचा चौकोन बघितला, पट्टी कानाशी हलवून पाणी वाजतं का ते ऐकलं, मग स्वतः मांडी घालून नातीला कुशीत धरलं. सुई गेली. दिव्यानीचं तोंड उघडलं, आवाज यायला क्षण लागला, आणि आला तेव्हा फळीपर्यंत गेला असेल. सिस्टरनं अर्धा तास बसायला लावलं आणि सांगितलं: आज संध्याकाळी ताप येऊ शकतो, टोचलं तिथे दुखेल, उद्या किरकिर करेल, परवापर्यंत उतरेल. हे तापाचं औषध, पोरीच्या वजनाप्रमाणे एवढंच द्यायचं. गाठीला शेकायचं नाही, काही चोळायचं नाही. झटका आला, पोर सुस्त पडली, तीन तास रडायची थांबलीच नाही किंवा ताप उतरेना, तर लगेच फोन करायचा, मी येईन.

दिवेलागणीला दिव्यानी तापली. वच्छला एरंडाची पानं घेऊन हजर झाली. गोकुळाबाईनं तिला पाटावर बसवलं, पानं बाजूला ठेवली, चहा दिला आणि म्हणाली, “बस. सिस्टरनं सांगतलंच होतं.” रीतानं मोजून औषध पाजलं. शुक्रवारी पोरीनं दिवसभर किरकिर केली, सांगितलं होतं तशी. शनिवारी सकाळी अंग गार, आणि आजोबाच्या जाळ्यातली बुचं ओढायला तयार.

गोकुळाबाईला यातलं सगळ्यात मोठं नवल वाटलं ते हे. पाऊस सांगितल्या दिवशी येत नाही. बस येत नाही. घरकुलाचा हप्ता, ग्रामसेवक, ऊर्जानगरहून येतो म्हणालेला मुलगा, कोणीच येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला पुढचे तीन दिवस आधी सांगितले होते, आणि ते तसेच आले आणि तसेच गेले. वच्छला तीनही दिवस येऊन बघून गेली. सोमवारी तिनं विचारलं, की पुढची तारीख कधी आहे, आणि विचारताना ती दुसरीकडे पाहत होती.

आठव्या दिवशी अंघोळ घालताना गोकुळाबाईनं दिव्यानीची मांडी उजेडात धरली. गाठ नव्हती. तिनं खुशालचा चष्मा मागवला, बोटानं चाचपलं, मग दुसरी मांडी पाहिली. तिथेही काही नव्हतं. पोर गुदगुल्या झाल्यागत हसत सुटली.

“रीता,” ती म्हणाली, “कोणत्या पायाले टोचलं होतं व?”

रीता चुलीपासून उठून आली. दोघींनी मिळून दोन्ही पाय पुन्हा पाहिले. जागा काही सापडली नाही.